मानसशास्त्राची पदवी : कर्ज किती, कमाई किती?

तुमच्या मुलीने किंवा मुलाने बारावीनंतर मानसशास्त्र घ्यायचे ठरवले असेल, तर निवड वाईट नाही. विषय चांगला आहे आणि आपल्या देशात त्याची गरजही मोठी आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात दहा प्रौढांमागे सुमारे एकाला त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले, आणि विकार कोणता त्याप्रमाणे ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. खासगी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. फीचा तक्ता मागच्या पानावर असतो.

पण गरज असणे आणि त्या गरजेपोटी कोणीतरी पगार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांना उपचार मिळत नाहीत, त्यांतल्या बहुतेकांकडे दर आठवड्याला समुपदेशकाची फी द्यायला पैसे नसतात. सरकारी रुग्णालयांत पदे थोडी, शाळांत त्याहून थोडी. बँकेचा हप्ता मात्र देशाच्या गरजेतून जात नाही, तो पगारातून जातो. म्हणून कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी पाहायचे ते एवढेच, की ही पदवी हातात आल्यावर पहिला पगार कशाचा आणि किती असेल.

पदवीने काय मिळते, काय मिळत नाही

मानसशास्त्रातील बी.ए. किंवा बी.एस्सी. तीन वर्षांची असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर बऱ्याच ठिकाणी चौथ्या वर्षाचा ऑनर्सचा पर्यायही आला आहे. ही पदवी मिळाली की विद्यार्थी पदवीधर होतो. मानसोपचार करणारा होत नाही. पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करून कामाला लागते. मानसशास्त्रात पहिल्या पदवीला तसा परवाना जोडलेला नाही.

रुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचे याची व्याख्या दिली आहे, आणि ती नुसत्या पदवीधराला लागू होत नाही. आजवरची नेहमीची वाट अशी होती : तीन वर्षे पदवी, दोन वर्षे एम.ए. किंवा एम.एस्सी., मग मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचे एम.फिल. एकूण सात वर्षे. त्यातल्या शेवटच्या टप्प्याला जागा फार थोड्या आणि प्रवेश परीक्षा अवघड.

ही वाटही सध्या बदलते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केले. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोनच विषयांत २०२५-२६ पर्यंत प्रवेशाची मुभा ठेवली. आरसीआयने त्या जागी नवे अभ्यासक्रम आणले आहेत, त्यांत चार वर्षांचा बी.एस्सी. क्लिनिकल सायकॉलॉजी ऑनर्सही आहे. तेव्हा कोणी दोन वर्षांपूर्वीची माहिती सांगत असेल तर ती तपासून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, अभ्यासक्रमाच्या नावात ‘क्लिनिकल’ असले म्हणजे आरसीआयची मान्यता असतेच असे नाही. मान्यता असलेल्या संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते. तिथे त्या महाविद्यालयाचे आणि नेमक्या त्या अभ्यासक्रमाचे नाव स्वतः शोधा. नाव सापडले नाही, तर प्रवेश विभागातल्या माणसाच्या तोंडी आश्वासनावर पैसे भरू नका.

मग नुसती बी.ए. झालेल्याला काम कोणते मिळते? कंपनीच्या एचआर विभागात सहायक, भरती करणाऱ्या एजन्सीत फोन करणारे, स्वयंसेवी संस्थेत क्षेत्रकार्यकर्ता, शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलासोबत बसणारा मदतनीस शिक्षक, बाजार-सर्वेक्षण, कॉल सेंटर. यांपैकी कोणतेही काम कमी प्रतीचे नाही, आणि काहींमध्ये मानसशास्त्राचा खरोखर उपयोग होतो. पण यांतली बहुतेक कामे कोणत्याही शाखेच्या पदवीधराला मिळतात आणि पगारही त्याच मापाने ठरतो. बँकेच्या किंवा कर्मचारी निवड आयोगाच्या ज्या परीक्षांना ‘कोणत्याही शाखेची पदवी’ एवढीच अट असते, त्यांना तर मानसशास्त्राची पदवी आणि इतिहासाची पदवी सारखीच. घराजवळच्या अनुदानित महाविद्यालयाची आणि महागड्या खासगी विद्यापीठाचीही सारखीच.

सहा लाखांचे कर्ज शेवटी कितीला पडते

सोयीसाठी एक उदाहरण धरू. खासगी विद्यापीठात फी आणि वसतिगृह मिळून वर्षाला २ लाख रुपये कर्ज, तीन वर्षे. म्हणजे एकूण ६ लाख. व्याज १० टक्के. पगार हातात येणारा २०,००० रुपये. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या बँकेचा दर आणि तुमच्या शहरातला पगार वेगळा असेल, तो घालून हाच हिशेब पुन्हा करा.

शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. लोक याला ‘व्याजमुक्त काळ’ म्हणतात. तो हप्तामुक्त काळ आहे, व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते. पहिल्या वर्षी घेतलेल्या २ लाखांवर चार वर्षांचे सरळव्याज ८०,००० होते. दुसऱ्या वर्षीच्या २ लाखांवर तीन वर्षांचे ६०,०००. तिसऱ्या वर्षीच्या रकमेवर दोन वर्षांचे ४०,०००. एकूण १,८०,०००. हे व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि हप्ता सुरू होतो तेव्हा कर्ज ६ लाखांचे नसते, ७ लाख ८० हजारांचे असते.

त्याची परतफेड १० वर्षांत करायची तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,३०८ रुपये येतो. म्हणजे २०,००० पगारातला अर्ध्याहून जास्त भाग गेला. उरलेल्या पैशांत दुसऱ्या शहरात खोलीभाडे, डबा आणि प्रवास बसत नाही. मग हप्ता कोण भरतो? घरचे लोक भरतात, आणि वडिलांच्या निवृत्तीची मुदत ठेव त्यासाठीच मोडली जाते.

हप्ता झेपत नसेल तर मुदत वाढवा, असे बँकेत सांगतात. १५ वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ८,३८२ वर येतो. एकूण भरणा मात्र १० वर्षांच्या हिशेबात १२ लाख ३७ हजार होता, तो १५ लाख ९ हजार होतो. सहा लाखांचे शिक्षण पंधरा लाखांना पडले, आणि शेवटचा हप्ता जाईल तेव्हा मुलगी चाळिशीच्या जवळ असेल.

आता समजा घरच्यांनी शिक्षण चालू असतानाच व्याज भरत जायचे ठरवले. पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे १,६६७ रुपये, दुसऱ्या वर्षी ३,३३३, पुढची दोन वर्षे ५,०००. चार वर्षांत भरले तेच १,८०,०००, पण ते मुद्दलात गेले नाही. कर्ज ६ लाखांवरच थांबले आणि १० वर्षांचा हप्ता ७,९२९ आला. दर महिन्याला सुमारे २,३८० रुपयांचा फरक. दहा वर्षांत तो २ लाख ८५ हजार होतो, म्हणजे आधी भरलेले व्याज वजा करूनही १ लाखाच्या वर वाचले. शिवाय असे नियमित व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात, आणि काही सरकारी बँका मुलींच्या कर्जाला वेगळी सवलत देतात. या सवलती मागाव्या लागतात. त्यामुळे अर्जाच्या वेळीच विचारा.

महिना पावणेदोन हजार बाजूला काढणे घरात जड जात असेल, तर ही माहितीसुद्धा तुमच्या उपयोगाची आहे. आज १,६६७ जड आहेत, तर चार वर्षांनी १०,३०८ कोठून येणार?

पगाराकडून कर्जाकडे

बहुतेक घरांत हिशेब फीपासून सुरू होतो : फी इतकी आहे, म्हणून कर्ज इतके. तो उलटा करून पाहा. हातात येणाऱ्या पगाराच्या पाव भागापेक्षा जास्त हप्ता नसावा, असे आम्ही सुचवतो. घरापासून दूर राहून नोकरी करायची असेल तर पाव भागही थोडा जास्तच वाटतो. २०,००० चा पाव भाग ५,००० रुपये. १० टक्क्यांनी १० वर्षांत ५,००० च्या हप्त्यात सुमारे ३ लाख ७८ हजारांचे कर्ज फिटते. त्यातून शिक्षणकाळातले साचलेले व्याज वजा केले, तर मूळ कर्ज येते २ लाख ९० हजारांच्या आसपास. नुसत्या बी.ए.च्या बळावर झेपणारे कर्ज एवढेच. पगार १५,००० धरला तर तेही सव्वादोन लाखांच्या खाली जाते.

इथे बँक तुम्हाला थांबवील, असे समजू नका. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागत नाही, कारण अशा कर्जासाठी सरकारी पतहमी योजना आहे. त्यामुळे सहा लाखांचे कर्ज मिळणे फार अवघड नसते. कर्ज मंजूर झाले म्हणजे ते झेपेल, असा अर्थ त्यातून काढू नका. कर्जात पालक सहकर्जदार असतात. हप्ते थकले तर मुलीबरोबर वडिलांचा किंवा आईचा सिबिल अहवालही बिघडतो, आणि पुढे धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज घेताना तो आडवा येतो.

करसवलतीचेही असेच आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत आयकरात वजावट मिळते, लोक तिला ८०ई म्हणून ओळखतात. एजंट ती हमखास सांगतात. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत आहे, फक्त व्याजावर आहे, आणि महिन्याला २०,००० मिळवणाऱ्याला मुळात आयकरच लागत नाही. लागत नसलेल्या करात सवलत काय कामाची?

कर्ज करायचे तर कोणत्या पायरीवर

या विषयात कमाईची पायरी उशिरा येते. म्हणून कर्ज काढण्याची ताकद पहिल्याच पायरीवर संपवणे हीच खरी जोखीम आहे. वरच्या उदाहरणातली मुलगी बी.ए. नंतर थांबली नाही, एम.ए. आणि पुढचे क्लिनिकल प्रशिक्षण असे करत सात वर्षे शिकली, आणि बँकेने तोपर्यंत हप्ते थांबवले असे समजू. पुढच्या शिक्षणासाठी तिने नवा एक रुपयाही कर्ज घेतला नाही, तरी शेवटी एक वर्ष धरून पहिल्या ६ लाखांवर ४ लाख २० हजार व्याज चढते. कर्ज १० लाख २० हजार, आणि १० वर्षांचा हप्ता सुमारे १३,४८०. पुढच्या पायऱ्यांची फी वेगळीच. आणि हप्ते पुढे ढकलणे आपोआप होत नाही. पुढच्या प्रवेशाचे पत्र जोडून बँकेकडे लेखी अर्ज करावा लागतो.

याउलट तीच मुलगी सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयात, घरून जाऊन-येऊन शिकली, आणि फी, बसचा पास व पुस्तके मिळून वर्षाला ३५,००० खर्च आला असे धरा. तीन वर्षांचा खर्च १ लाख ५ हजार. एखादी आवर्ती ठेव किंवा घरातली बचत त्याला पुरते. बी.ए. नंतर तिने ठरवले की आपल्याला बँकेची परीक्षा द्यायची आहे किंवा बी.एड. करायचे आहे, तर मागे कर्ज नाही. आणि मानसशास्त्रातच पुढे जायचे ठरवले, तर कर्ज काढण्याची सगळी ताकद शाबूत आहे. ते कर्ज ती जिथे नोंदणी मिळते अशा अभ्यासक्रमासाठी वापरू शकते. अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय एकविसाव्या वर्षी बदलतो, हे कोणत्याही पालकाला सांगायला नको.

सरकारी महाविद्यालयातली बी.ए. आणि मोठ्या नावाच्या विद्यापीठातली बी.ए. यांत शिकवण्याचा फरक नसतोच असे आम्ही म्हणत नाही. चांगले ग्रंथालय, प्रयोगशाळा, इंटर्नशिप यांचे मोल असते. प्रश्न इतकाच की तो फरक पाच लाखांचा आहे का. महाविद्यालयात जाल तेव्हा ‘सर्वाधिक पॅकेज किती’ हे विचारू नका, ते एकाच विद्यार्थ्याचे असते आणि बहुधा दुसऱ्या शाखेतल्या. गेल्या वर्षी मानसशास्त्राच्या वर्गात किती विद्यार्थी होते, त्यांतले किती नोकरीला लागले, मधल्या विद्यार्थ्याला पगार किती मिळाला आणि किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, हे विचारा. लेखी मागा. शक्य झाल्यास मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी मुलीला बोलू द्या. त्यांची उत्तरे माहितीपत्रकाहून खरी असतात.

दूरशिक्षणाचा स्वस्त मार्ग पूर्वी अनेकांनी धरला. आता तो बंद झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रात दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत असे सांगितले आहे. तरीही कोणी ‘घरबसल्या सायकॉलॉजीची डिग्री’ म्हणून पैसे मागत असेल, तर सावध राहा.

बँकेत जाताना

स्वतःचे पैसे आधी मोजा. सुकन्या समृद्धी खाते असेल तर मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, मागील आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. पीपीएफमधूनही ठरावीक वर्षांनंतर अंशतः रक्कम काढता येते. ठेवीवर ७ टक्के मिळत असताना १० टक्क्यांचे कर्ज काढणे सहसा तोट्याचे असते. पण आजारपणासाठी ठेवलेली रक्कम आणि निवृत्तीची पुंजी या हिशेबात धरू नका.

व्याजात मदत करणाऱ्या केंद्राच्या योजना आहेत. पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्या यादीतल्या दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्तामुक्त काळात ३ टक्के व्याज सवलत आहे, मात्र दरवर्षीच्या लाभार्थींची संख्या ठरलेली आहे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी त्या काळातले पूर्ण व्याज सरकार भरते अशी जुनी योजनाही आहे, पण ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साधी बी.ए. त्यात बसते असे गृहीत धरून हिशेब करू नका.

काही विद्यापीठे प्रवेशाच्या टेबलावरच एखाद्या वित्त कंपनीचा माणूस बसवतात. अर्ध्या तासात कर्ज मंजूर होते. अशा कर्जात बऱ्याचदा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो आणि दरही बँकेपेक्षा जास्त असतो. सही करण्यापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ते देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर एका ठिकाणी लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना त्याच आकड्यावर करा, तोंडी सांगितलेल्या दरावर नको.

आणि कर्ज आधीच घेतलेले असेल तर? शिक्षण चालू असेल तर आजपासून जमेल तेवढे व्याज भरायला सुरुवात करा, पाचशे रुपये असले तरी चालतील. नोकरी लागली असेल आणि बोनस किंवा थोडी जास्तीची रक्कम हातात आली, तर ती मुद्दलात भरा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर, ज्यात शैक्षणिक कर्जही येते, मुदतीपूर्वी पैसे भरल्याबद्दल बँक दंड आकारू शकत नाही. भरताना ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी’ असे लेखी द्या आणि पुढच्या खाते उताऱ्यात ती जमा झाली का ते पाहा. नोकरी मिळाली नसेल किंवा गेली असेल, तर हप्ता थकण्याची वाट पाहू नका. थकबाकी ९० दिवसांपेक्षा जास्त झाली की खाते अनुत्पादक ठरते आणि त्यानंतर बँकेशी बोलणे अवघड होते. त्याआधी शाखेत जा, उत्पन्नाचा पुरावा घेऊन हप्ता कमी करण्यासाठी किंवा मुदत वाढवण्यासाठी अर्ज द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शाखेचा शिक्का घ्या.